तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री

पांडुरंगा,

आज कार्तिकी. इथे साडेचारलाच अंधार पडला आणि पाऊस सकाळपासून लागून राहिलाय. साबुदाणा भिजलाय, दाण्याचं कूट कालच करून ठेवलं होतं. उपास आहे, पण दिवसभरात चार कप कॉफी झाली. ती उपासाला चालते का हे विचारायला आईला फोन केला असता तर बोलणं भलतीकडे गेलं असतं, म्हणून केला नाही. तुझी ही वीतभर मूर्ती रेडिएटरच्या वरच्या खिडकीत ठेवलीय. या घरात तेवढीच उबदार जागा आहे.

उद्या सकाळी दहापासून माझ्या मुलांच्या तोंडी परीक्षा आहेत. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या या शहरात मी एकोणीस वर्षं इंजिनिअरिंग शिकवतेय, आणि दर नोव्हेंबरात हे असतंच. मुलांनी प्रयोग करायचा, नोंदवही लिहायची, मग एकेकाने खोलीत यायचं. टेबलाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी आणि माझे एक सहकारी. बारा मिनिटं, वीस गुण. यादीत अठ्ठावीस नावं आहेत. आकडा तुझ्या ओळखीचा आहे.

सतरावं नाव जिचं आहे, तिच्यासाठी मी आज तुझ्यापुढे बसलेय. ती इथलीच, लिंकनशरकडची. माझी कोणी लागत नाही. तिचं नाव तुला माहीत आहे, मी उच्चारत नाही. ऑक्टोबरात तिने मला तीन ओळींची ईमेल केली होती. प्रयोग समजतात, लिहिता येतात, पण कोणी बघत असलं की तोंडातून शब्द फुटत नाही, काय करू, असं विचारलं होतं. मी लगेच उत्तर पाठवलं : ये ना, बोलू या. बघ म्हणजे! जिला बोलायचीच धास्ती, तिला मी बोलायला बोलावलं. तरी ती आली होती रे. माझ्या दाराला काचेची एक उभी पट्टी आहे, तिच्यातून हिरवा कोट दिसला. कोट दोनेक मिनिटं तिथेच उभा होता, मग निघून गेला. मी खुर्चीतून उठले नाही. म्हटलं, येईल परत.

आली नाही.

देवा, मला हा कोट ओळखायला हवा होता, कारण मी स्वतः त्या कोटात वाढलेय. आमच्या सांगलीच्या घरी पाहुणे आले की आई हाक मारायची, 'ये गं, काकांना ते पाठ केलेलं म्हणून दाखव.' मी माजघराच्या दारामागे. काका म्हणायचे, 'लाजतेय वाटतं!' आणि सगळे कौतुकाने हसायचे. त्या हसण्याने माझ्या कानांच्या पाळ्या भाजायच्या. शाळेत वक्तृत्वस्पर्धेत बाईंनी नाव घातलं, त्या दिवशी मला खराच ताप भरला होता. आपल्या भाषेत या माणसांसाठी शब्द किती आहेत बघ. बुजरा, भिडस्त, मुखदुर्बळ, मिंधा, घुम्या. आणि जो चारचौघांत बिनधास्त बोलतो त्याच्यासाठी एकच, पण काय मानाचा शब्द : सभाधीट. भीड भिकेची बहीण, असं आमच्याकडे उठता-बसता ऐकवलं जायचं. भीड सोडली नाहीस तर भीक मागशील, असा त्यातला दम. भीड सोडायची कशी, ते मात्र कोणी सांगितलं नाही, कारण ज्यांना ती कधी नव्हतीच त्यांना वाटायचं की ती चपलेसारखी दाराशी काढून ठेवता येते.

इथे आलेल्या मुलांचं मी पाहते. सेमिनारमध्ये आपलं नाव पुकारलं जाईल म्हणून चाळीस मिनिटं आधीपासून छातीत धडधड. हाताला कापरं सुटलेलं दिसू नये म्हणून हात मांडीखाली. जे बोलायचं ते वाक्य मनात सात वेळा घोकून होतं, आणि तोवर चर्चा तिसऱ्याच मुद्द्यावर गेलेली असते. मग रात्री अंथरुणात ते न बोललेलं वाक्य उलटंपालटं करत बसायचं. बोललं असलं तर आणखी वाईट, कारण मग ते बोललेलं वाक्य पहाटेपर्यंत ऐकू येतं. वसतिगृहात सहा-आठ जणांत एक स्वयंपाकघर असतं. तिथे हसण्याचे आवाज चालू आहेत तोवर काहीजण खोलीबाहेर पाऊल टाकत नाहीत. रात्री बारानंतर चोरपावलांनी जातात. आपल्याकडच्या एका पोराने मला सांगितलं होतं की कुकरची शिट्टी होऊ नये म्हणून तो आधीच शेगडी बंद करायचा आणि अर्धाकच्चा भात खायचा. घरून आई विचारायची, 'जेवलास का रे?' तो म्हणायचा, 'जेवलो.' ते काही खोटं नव्हतं.

या देशाच्या रीती तू बघतोसच. भेटेल तो 'यू ऑलराइट?' म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो. नवा आलेला मुलगा खरंच सांगायला लागतो, 'नाही, म्हणजे तसं...' आणि समोर पाठ असते. बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणायचं असतं. किती छान रीत! पण एका मुलीचं मला कळलं की ती तिच्या स्टॉपवर दुसरं कोणी उतरत असेल तरच उतरते, म्हणजे तिचा आवाज त्यांच्या आवाजात मिसळून जातो. कोणीच उतरलं नाही तर पुढच्या स्टॉपपर्यंत जाते आणि पावसात चालत मागे येते. आणि याच्यावर इलाज हवा असेल तर कित्येक दवाखान्यांत आत्ताआत्तापर्यंत सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावून वेळ मागावी लागायची. फोनची भीती वाटते? फोन करा. मला हसू येतं, मग येत नाही.

तू अंतर्यामी, तुला आतलं दिसतं. मला ते पुस्तकातून शिकावं लागलं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली या भीतीची आतली रचना मांडली. त्यांचं म्हणणं असं की चारचौघांत गेल्यावर अशा माणसाची नजर बाहेरून फिरते आणि स्वतःवर खिळते. समोरच्यांचे चेहरे त्याला दिसतच नाहीत. त्याला दिसतं ते स्वतःचंच चित्र, घामेजलेलं, लालबुंद, हास्यास्पद, आणि ते चित्र लोकांनाही दिसतंय असं तो धरून चालतो. मग ते लपवायला तो नाना क्लृप्त्या करतो. पेला दोन्ही हातांनी धरतो, खाली बघून बोलतो, वाक्य मनात जुळवल्याशिवाय तोंड उघडत नाही. आणि याच क्लृप्त्यांमुळे तो अधिकच अवघडलेला दिसतो. उपचारात त्याचं स्वतःचं बोलणं चित्रित करून त्यालाच दाखवतात. बहुतेकांना धक्का बसतो, कारण पडद्यावरचा माणूस मनातल्या माणसापेक्षा पुष्कळ बरा दिसतो. इथल्या आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या नाइस या संस्थेने २०१३ साली सामाजिक भीतीसाठी आधी याच जातीचा उपचार द्यावा असं सांगितलं. म्हणजे वाट आहे. देवा, त्या हिरव्या कोटातल्या मुलीला त्या वाटेपर्यंत पोचव. आपल्याकडे तुझ्या दारी येणारे सगळे 'आत बघ, आत बघ' असं शिकवतात. हिला बाहेर बघायला शिकव. समोरच्या बाईच्या चष्म्याची काडी चिकटपट्टीने जोडलीय, हे तिला दिसू दे.

आता जे सांगायचं ते सांगताना मी मूर्तीकडे बघत नाही, रागावू नकोस.

ब्रिस्टल विद्यापीठात नताशा अब्राहार्ट नावाची एक मुलगी होती. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला. वीस वर्षांची. तिथेही असंच होतं. प्रयोगानंतर तोंडी प्रश्नोत्तरं आणि त्यांवर गुण. ती काहींना गेली आणि फारसं बोलू शकली नाही, काहींना गेलीच नाही, आणि गुण घसरत राहिले. ३० एप्रिल २०१८ ला तिच्या गटाने ३२९ आसनांच्या सभागृहात आपला प्रयोग सादर करायचा होता. त्या दिवशी तिने आपलं आयुष्य संपवलं. अशा गोष्टीला एकच कारण असतं असं मी म्हणणार नाही, मला तो अधिकार नाही. पण तिचे आईवडील, रॉबर्ट आणि मार्गारेट, न्यायालयात गेले. वडील स्वतः विद्यापीठात शिकवून निवृत्त झालेले. मे २०२२ मध्ये ब्रिस्टलच्या न्यायालयाने सांगितलं की २०१० च्या समानता कायद्याखाली विद्यापीठाने तिच्याशी भेदभाव केला, परीक्षेच्या रीतीत वाजवी बदल करायला हवा होता तो केला नाही. विद्यापीठाने अपील केलं. १४ फेब्रुवारी २०२४ ला उच्च न्यायालयाने ते फेटाळलं.

त्या निकालातला एक मुद्दा माझ्या डोक्यातून जात नाही. विद्यापीठाचं म्हणणं होतं की तोंडी सांगता येणं हा त्या विषयातल्या पात्रतेचाच भाग आहे, आणि पात्रतेचं माप बदलता येत नाही. न्यायालयांनी ते मानलं नाही. प्रयोग समजला आहे का, हे माप. समोर बसवून विचारणं ही मोजायची एक रीत. रीत बदलता येते. पांडुरंगा, आम्ही शिकवणारी माणसं. एवढं कळायला आम्हाला न्यायाधीश लागावे? आमच्या आजीला पायलीने मोजायचं धान्य तराजूत घातलं तर धान्य बदलत नाही हे कळत होतं. नुकसानभरपाई पन्नास हजार पौंडांहून थोडी अधिक ठरली. त्या आकड्याचं त्या घरी काय केलं असेल?

तिला तुझ्याजवळ ठेव. तिथे तिला कोणी काही विचारू नये.

आणि जे रात्री जागतात त्यांचंही भलं कर. चॅड व्हारा नावाच्या धर्मगुरूने १९५३ साली लंडनच्या एका चर्चमध्ये सॅमॅरिटन्स सुरू केली. आजही ११६ १२३ हा नंबर कुठल्याही वेळी, पैसे न पडता लागतो, आणि पलीकडचा स्वयंसेवक ऐकतो. १९७० साली एसेक्स विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी रात्रीची नाइटलाइन निघाली, पुढे ती गावोगावच्या विद्यापीठांत पोचली. काही ठिकाणी आता तिथे लिहूनही बोलता येतं. मला कोणीतरी सांगितलं की तिथे पहिले काही क्षण फोनवर नुसता श्वास ऐकू येतो आणि तो ऐकत थांबायचं असतं. नुसतं थांबायचं. मला बारा मिनिटं थांबता येत नाही, घड्याळ टेबलावरच असतं.

तुझ्याकडे बोलणं मागायची आमची जुनी रीत आहे. मुक्याला वाचा देणारा अशी तुझी ख्याती. ज्ञानोबांनी पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवले, तेव्हा कुठे चारचौघांना पटलं. लहानपणी ती गोष्ट ऐकताना मला नेहमी रेड्याचीच काळजी वाटायची, आता सांगायला हरकत नाही. सभेपुढे उभं केलं, डोक्यावर हात ठेवला, आणि म्हण. नंतर त्याचं काय झालं असेल? पण चूक रेड्याची नव्हतीच. शब्द ऐकल्याशिवाय समोरच्याला मान द्यायचा नाही असं ठरवून बसले होते ते पैठणचे शास्त्रीपंडित.

याच देशात गांधीजी १८८८ साली कायदा शिकायला आले होते. शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत होते, तिथे तोंड उघडत नसत. एकदा व्हेन्टनरला एका सभेत बोलायचं ठरलं. भाषण लिहून नेलं होतं, पानभराचं. वाचायला उभे राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, अंग कापायला लागलं, वाचवेना. ते आत्मकथेत त्यांनीच लिहून ठेवलंय. तेव्हा बरोबरच्या त्र्यंबकराय मजमुदारांनी तो कागद घेतला आणि वाचला. झालं. सभा पार पडली. गांधींचा पुढचा इतिहास सांगून मुलांना 'बघा, तेही आधी लाजाळू होते' असं म्हणायची शिक्षकांची फार सवय, माझीही आहे. आज मला त्यातला मजमुदारांचा हात आठवतोय, कागद घ्यायला पुढे आलेला. कायद्यात त्याला वाजवी बदल म्हणतात. त्यांनी कुठला फॉर्म भरून घेतला नाही.

मला तो हात पुढे करता आला असता, आणि मी केला नाही. हेच कबूल करायला बसलेय, इतका वेळ इकडचं तिकडचं बोलत.

दोन वर्षांपूर्वी परभणीकडचा एक मुलगा होता. मास्टर्सला आलेला, एका वर्षाचा कोर्स, घरच्यांनी जमिनीवर कर्ज काढलेलं. वर्गात शेवटच्या रांगेत. कोरोनाच्या काळात, सगळं पडद्यावर होतं तेव्हा, अशीच मुलं खालच्या चॅटमध्ये लिहायची, आणि काय प्रश्न असायचे एकेकाचे! वर्ग पुन्हा भरायला लागले आणि ते लिहिणं गेलं. तर हा मुलगा तोंडीला आला. मी विचारलं, बीमला तडा तिथेच का गेला? तो गप्प. घशातून आवाज निघेना. ओठ हलले. आणि मला ऐकू आलं, पांडुरंगा, स्वच्छ ऐकू आलं, तो पुटपुटला, 'मॅडम, माहितीये मला.' मराठीत.

माझ्या जिभेवर होतं, 'अरे मग मराठीत सांग. सावकाश सांग.' सहा शब्द. शेजारी माझे सहकारी बसले होते, इंग्रज, सज्जन माणूस. मला वाटलं, यांना काय वाटेल? आपल्या माणसाला झुकतं माप देते म्हणतील. आपापसात काय बोलताहेत म्हणतील. माझ्याच कानांच्या पाळ्या तापल्या, सांगलीच्या माजघरात तापायच्या तशा. इतकी वर्षं शिकवूनही मी त्या दारामागेच. मी इंग्रजीत म्हटलं, टेक युअर टाइम, आणि घड्याळाकडे पाहिलं. वीसपैकी चार. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, उत्तरे दिली नाहीत.

ऑगस्टमध्ये त्याची फेरपरीक्षा झाली, लेखी. बीमचाच प्रश्न होता. त्याला शंभरात एकोणसत्तर गुण मिळाले. मीच तपासला पेपर, नंबरावरून नंतर कळलं. पदवी घेऊन तो गेला. पदवीदानाला मी त्याला लांबून पाहिलं, भाड्याच्या काळ्या झग्यात, एकटाच, फोटो काढून द्यायला कोणाला सांगावं याच्या विचारात फोन हातात धरून उभा. मी जाईपर्यंत गर्दी मध्ये आली. असं मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मी फार वेगाने चालत नव्हते.

म्हणून मी तुझ्याकडे तिच्यासाठी धिटाई मागत नाही. धिटाई मागायची तर माझ्यासाठी मागायला हवी.

तुझी ती गोष्ट मला आज वेगळीच दिसतेय. तू पुंडलिकाच्या दारी आलास, तेव्हा त्याने वळूनही पाहिलं नाही. नजर दिली नाही, दोन शब्द बोलला नाही, आईवडिलांचे पाय चेपत राहिला आणि मागे एक वीट सरकवली. दुसरा कोणी देव असता तर शेरा मारून गेला असता : भक्ताने उत्तर दिले नाही. तू विटेवर चढलास आणि उभा राहिलास. हात कमरेवर, घड्याळ नाही. आणि जगात कुठेही गेलं तरी तुझ्या लेकरांच्या घरात तू अजून त्याच बेताने उभा असतोस, रेडिएटरच्या वरसुद्धा.

मला ते उभं राहणं दे. सगळं नको, बारा मिनिटांपुरतं. समोरचा गप्प झाला की माझ्या पोटात जे ढवळतं, ती शांतता बुजवायला मी जी घाई करते, ती थांबव. आमच्या विभागाच्या बैठकीत चौदा जण बसतात आणि सगळ्यांना सभाधीट असण्याचे पगार मिळतात. तिथे मला उठून सांगायचंय की तोंडीची ही सक्ती काढा, मुलांना रीत निवडू द्या. तीन बैठका झाल्या, मी 'नंतर बोलते' म्हणून गप्प बसले. इतिवृत्तात माझं नाव फक्त हजर असलेल्यांत आहे.

उद्याचं मी ठरवलंय. तिची पाळी जेवणानंतर येते. तिला आत्ता ईमेल करतेय : 'तुझी तोंडी उद्या होणार नाही. लेखी द्यायची की घरी बसून आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवायचा की फक्त माझ्याशी बोलायचं, ते तू कळव. लिहून कळवलंस तरी चालेल. घाई नाही.' त्या दिवशी काचेतून कोट दिसला होता, हेही लिहू का? नको. तिला वाटेल मी बघत होते.

आता अडचण अशी की हे लिहायची परवानगी माझ्याकडे नाही. ती सकाळी नऊला विभागप्रमुखांना फोन करून मिळवायची आहे, आणि माझ्या त्या सज्जन सहकाऱ्यालाही सांगायचं आहे, का ते. मजकूर आधी पाठवला म्हणजे सकाळी मला मागे फिरता येणार नाही, एवढी लबाडी मी माझ्याशी करतेय. फोनवरचं पहिलं वाक्य कागदावर लिहून ठेवलंय. सात वेळा घोकून झालं. तू तिथे जवळपास रहा.

पाठवते. बारा वाजून गेले. तिच्या मजल्यावरचं स्वयंपाकघर आता रिकामं झालं असेल.